हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

प्रश्न: स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) मारल्या गेलेल्या फादर-सिस्टरांवर टिपण लिहितोय. बार्बास्त्रो गावात क्लॅरेशियन या कॅथलिक धर्मसंघाचे ५१ जण ऑगस्ट १९३६ मध्ये मारले गेले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मराठीत त्यांना काय म्हणावं? ‘हुतात्मा’ लिहिलं की डोळ्यांपुढे फ्लोरा फाउंटन येतं.

प्रतिसाद: येणारच. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. त्या शब्दाला मराठीत देशाचा, चळवळीचा वास लागलाय. ‘शहीद’ आता सीमेवरच्या जवानाचा झाला. ख्रिस्ती मराठीत नेमका शब्द आहे: रक्तसाक्षी. गंमत अशी की ‘मार्टर’च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द आणि अरबी ‘शहीद’, दोन्हींच्या पोटात ‘साक्षीदार’च बसलाय.

प्रतिसाद: आणि लिंगाची अडचण नाही. त्या युद्धात मारलेल्या धर्मसेवकांची नेहमी दिली जाणारी मोजणी ६,८३२. त्यांत २८३ सिस्टर. ‘हुतात्मा सिस्टर’ कानाला कसंसंच लागतं, ‘रक्तसाक्षी सिस्टर’ नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. पण क्रियापद? ‘हौतात्म्य पत्करलं’ असं सरसकट लिहू का?

प्रतिसाद: सरसकट नको. पत्करायला समोर दुसरी वाट असावी लागते. कित्येकांना घरातून उचललं आणि रस्त्याकडेला गोळ्या घातल्या, तिथे कोणी काही विचारलंच नव्हतं. बार्बास्त्रोच्या पोरांना मात्र (बहुतेक विशी-पंचविशीचे, म्हणून पोरंच म्हणतो) झगा उतरवा, सुटाल, असं सांगितलं होतं. शाळेच्या सभागृहात कोंडलेले असताना त्यांनी चॉकलेटच्या वेष्टनावर आपल्या संघाला निरोप लिहिला, खाली सह्या केल्या. तिथे ‘पत्करलं’ अगदी चपखल.

प्रतिसाद: एक खडा टाकतो. त्याच १९३६ मध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूनेही उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या फादरांना गोळ्या घातल्या. तेही कॅथलिकच, मारणारेही स्वतःला कॅथलिकच म्हणवणारे! चर्चच्या व्याख्येत ‘श्रद्धेच्या द्वेषापोटी’ मारलं जाणं लागतं, म्हणून ते रक्तसाक्षींच्या याद्यांत नाहीत. २००९ साली बास्क बिशपांनी व्हितोरिया शहरात अशा १४ जणांसाठी मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) अर्पण केली आणि इतकी वर्षं बाळगलेल्या मौनाबद्दल क्षमा मागितली.

प्रश्नकर्ता: मग त्या चौदा जणांना ‘ठार झालेले फादर’ म्हणतो.

प्रतिसाद: ‘ठार झालेले’ अपघातात असतात हो. ‘ठार मारलेले’ लिहा. मारणारा कोण, तेही त्याच वाक्यात येऊ द्या.

प्रश्नकर्ता: बरं. आणि अनेकवचन?

प्रतिसाद: रक्तसाक्षीच. एक असो की एक्कावन्न.