खापरपणजोबा शोधून काय मिळतं?

सह्यपठार: काल इथेच वाचलं, "वंशावळ शोधणं म्हणजे पेन्शनरांचा टाइमपास. खापरपणजोबाचं नाव कळून कुणाचा पगार वाढलाय?" गप्प बसणार होतो, राहवलं नाही. आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. नव्या गावठाणात आम्ही नुसते 'धरणग्रस्त'. नाशिकला तीर्थोपाध्यांना, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांना, गाव, आडनाव सांगितलं. त्यांनी लांबुळकी वही काढली. पणजोबांचा अंगठा, बाजूला जुन्या मोडी लिपीत भावांची नावं. त्यातला एक भाऊ घरात कुणाला ठाऊकच नव्हता! पगार नाही वाढला. बरं मग?

रोखठोक: ते मीच लिहिलं होतं. नाशिकच्या वहीत कोण सापडतं? ज्याच्या खिशात नाशिकला जायचं भाडं होतं तो. आणि कुलवृत्तांताचे, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीचे, ठोकळे कुणाचे निघतात, तेही सगळ्यांना माहीत आहे.

माहेरवाशीण: सासरचा ठोकळा आहे घरात. बायकांची नावं लग्नात बदललेली तेवढीच. मुलींपुढे 'कन्या' लिहिलं की रेघ संपली. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

नमुना_चौदा: पगार नाही, पण कुणबी जातीचा दाखला मिळतो हो! 2023 ला मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून गाव नमुना 14 मधल्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या, कुणबी नोंदीसाठी अख्खं गाव तहसीलला. मोडीवाल्याने एका पानाचा भाव सांगितला तेव्हा काका मटकन खाली बसले.

बोरू: झालं, आम्हीच लुटारू! वाळवी लागलेलं पान, फराटे मारलेलं अक्षर, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. डोळे आमचे जातात. शाळेतून मोडी गेली तेव्हा कुठे होते तुमचे काका?

नमुना_चौदा: आणि 'कु'चं 'कुणबी' वाचायचे वेगळे पैसे का?

बोरू: पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या.

रोखठोक: बघा! पूर्वज राहिले बाजूला, निघाली जात. मी वेगळं काय म्हणत होतो?

वेशीबाहेरचा: रोखठोक, कोरेगाव भीमाच्या खांबावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं वाचा, महारांच्या नावापुढे लागायचं ते 'नाक' लागलेली. आमच्या पूर्वजांची नावं दगडावर अशी क्वचितच. महार वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या वंशपरंपरागत जमिनी, खालसा करायचा कायदा 1958 चा. त्या वेळचा कागद रेकॉर्ड रूममध्ये मिळाला. आजोबांचं नाव, पुढे हिस्सा, तोही आणे-पैत. लॅमिनेट करून ठेवलाय. म्हणा टाइमपास.

रोखठोक: तुम्हाला नाही म्हणत. बाकीच्यांचा टाइमपासच.

नमुना_चौदा: म्हणजे आमचा दाखला टाइमपास? या एकदा आमच्या गावात.

माहेरवाशीण: भांडा निवांत. माझ्या पणजीचं काय?

बोरू: ताई, पणजीच्या माहेरचं गाव माहीत आहे का? त्या गावाचे उपाध्ये शोधा. तिच्या भावाने बहिणींची नावं सांगितली असली तर लिहिलेली असतील. पानाचा फोटो पाठवा, वाचून देतो. फुकट. नमुना_चौदा यांनी मात्र काकांना घेऊन यावं, रोख पैशांसकट.