पेराकमध्ये (आजच्या मलेशियातलं मलय राज्य) इंग्रज शिरले ते फक्त कथिलासाठी?

अभ्यासिका_दारव्हा: भाऊ, १८७४ मध्ये इंग्रजांनी पेराकमध्ये हात घातला. नोट्समध्ये कारण एकच, ‘कथील’. दहा मार्कांना एवढं पुरते का?

वऱ्हाडी_मास्तर: नाही पुरत. कथील आहेच, आपला कल्हईवाला लावतो तेच. तिकडे मागणी डब्यांच्या पत्र्यासाठी होती. पण पेराकातल्याच लारुतच्या खाणींवर घी हिन आणि हाय सान या चिनी टोळ्या भिडल्या. खाण बंद पडली की पिनांग-सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचा पैसा अडकायचा. त्यात १८७१ मध्ये सुलतान अली वारला आणि अब्दुल्लाला डावलून इस्माईलला गादी मिळाली. अब्दुल्लाने स्वतःच सिंगापूरला पत्र पाठवून रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसणारा इंग्रज सल्लागार, मागितला. सिंगापूरचा इंग्रज गव्हर्नर क्लार्क याला आयतीच फट सापडली.

पुसदकर: दुसरी सत्ता, मुख्यतः जर्मनी, तिथं शिरेल ही लंडनची धास्तीही लिहा. १८७३ मध्ये लंडनचा वसाहतमंत्री किंबर्ली याने क्लार्कला फक्त चौकशी करायला सांगितलं होतं. गड्याने २० जानेवारी १८७४ ला पांगकोर करार उरकला, मग कळवलं!

अभ्यासिका_दारव्हा: म्हणजे नागपूरच्या भोसल्यांकडे होता तसाच रेसिडेंट?

वऱ्हाडी_मास्तर: साचा तोच. फरक असा की नागपूर १८५४ मध्ये खालसा झालं, पेराकचा सुलतान गादीवर राहिला. करारानुसार त्याने मलय धर्म आणि चालीरीती सोडून सगळ्यात रेसिडेंटचा सल्ला पाळायचा. खरी मेख महसूल वसुलीत. पहिला रेसिडेंट बर्च याने सरदारांचे कर काढून घ्यायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८७५ ला पेराकातल्या पासिर सालाकला त्याचा खून झाला.