मेकॅनिक म्हणतो गाडीच्या कॅटची (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाळी फोडून टाकू, करू का?

राऊवाला:
नमस्कार मंडळी, माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस 4, 1 लाख 10 हजार किमी झालेत. महिनाभर चेक इंजिनचा लाइट लागून राहिलाय, स्कॅनरवर पी 0420 हा बिघाडाचा कोड येतो, भेरूघाट चढताना गाडीला दम लागतो. मेकॅनिक बोलला कॅट, म्हणजे एग्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा, चोक झालाय, नवीन फार महाग, जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतो, पिकअप पण वाढेल, आणि जुनी जाळी माझ्याकडेच राहू द्या. घरचे म्हणतात करून टाक, माझं मन होत नाहीये.

जुना_स्पॅनर:
दादा, अजिबात करू नका. जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, ती तो उगीच नाही मागत. आणि 0420 आला म्हणजे कॅट गेलाच असं नाही, मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कॅट नीट काम करताना दिसत नाहीये एवढंच, सेन्सर खराब असेल किंवा एग्झॉस्टच्या जॉइंटला लीक असेल तरी हाच कोड येतो. चोक बघायचा तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा, 2500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर गेलं तर खरंच चोक आहे.
अजून एक, गाडी मिसफायर करते का, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही असं होतं का? न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, इतकी गरमी होते की जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तरी जाळी खराब होते. ते न बघता नवीन टाकलात तर तोही जाईल.

देवासनाका:
मी जाळी काढवली होती म्हणून सांगते, लाइट गेलाच नाही, सिग्नलला थांबलं की गाडीत असा वास यायचा की आईला दमा आहे तिला मागे बसवेना. मग पीयूसीत फेल, बीएस 4 ला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएमच चालतं. कायद्यात दंड 10 हजारांपर्यंत आहे तो वेगळाच. शेवटी नवीन बसवला, दोनदा पैसे गेले, आणि तेवढे महिने तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांनी घेतला याचं मला अजून वाईट वाटतं.

राऊवाला:
ताई, दादा, खूप आभार. आत्ताच स्पार्क प्लग काढून बघितले, तिसरा पूर्ण काळा आणि ओला आहे, सकाळी गाडी थरथरते ती यानेच असणार. आधी त्या प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलतो मग गेज लावून घेतो, आकडा इथेच टाकतो.