हप्ता शिक्षण संपून वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र आधीच
एकाने सल्ला दिलाय की समाजशास्त्राच्या एम.ए.साठी 9 लाखांचं शैक्षणिक कर्ज चालेल, कारण शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही आणि पुढे आयकराच्या कलम 80ई खाली व्याजावर करसवलत. पहिलं खरं आहे, पण अर्धंच. त्या काळात सरळ व्याज चढत राहतं आणि शेवटी मुद्दलात मिसळतं. माझ्या पुतणीच्या बाबतीत हेच झालं. खासगी विद्यापीठ, दोन वर्षं, दरवर्षी साडेचार लाख उचल, दर 10.5 टक्के. पहिला हप्ता कापायची वेळ आली तेव्हा बाकी होती 11 लाख 36 हजार. दहा वर्षांसाठी हप्ता बसला 15,300 च्या आसपास, आणि गडचिरोलीकडच्या संस्थेत पगार हातात 28,000. शिकतानाच व्याज भरत गेलं असतं तर हप्ता 12,100 वर थांबला असता. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. ही अट मंजुरीपत्रात असते, ते वाचतो कोण म्हणा!

आता 80ई. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, फक्त व्याजावर आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. समाजशास्त्राच्या क्षेत्रात सुरुवातीला 25-30 हजार पगार असेल तर मुळात करच लागत नाही, मग सवलत कशातून मिळणार? ती हिशेबात धरूच नका. अनुदानित कॉलेजात प्रवेश मिळत असेल तर आधी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरा, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे.