चोडणची खारफुटी होडीतून: वेळ कोणती?

जानेवारीत आईला घेऊन गोव्यात येतोय. मांडवीच्या खारफुटीत वाटाड्यासोबत वल्ह्याच्या होडीतून फिरायचंय. सकाळ बरी की संध्याकाळ?

उत्तर:
घड्याळाआधी भरती बघा. ओहोटीला आतल्या खाड्यांत होडी चिखलात रुतते. मी रायबंदरहून फेरीबोटीने मांडवीतल्या चोडण बेटावर गेलो. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किमी, पण खंड्या इतका जवळ बसला की वल्हं मारायचंच विसरलो! नावाड्याने खाजन शेतीचा (खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या शेतीचा) बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची झडप, दाखवली. भरतीचं पाणीच तिचं लाकडी दार लोटून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शहाणपण आईंना आवर्जून दाखवा.

उत्तर:
पाणी उतरू लागलं की काठच्या चिखलात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात. तिथे थोडं थांबा.

प्रश्नकर्ता:
आभार दादा! भरतीचं वेळापत्रक काढतो.