पहिल्यांदाच मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली आहे : पावसाळ्याआधी काय शिकून घ्यावे?

अंबाजोगाईकर :

नमस्कार मंडळी. आजवर मी फक्त स्विफ्ट चालवली आहे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी गाडी. आता शेतीच्या आणि घरच्या गरजेसाठी आम्ही 2016 ची वापरलेली बोलेरो घेतली असून ती मागच्या चाकांवर चालते. आमच्या आखाड्याकडे (शेतावरच्या घराकडे) जाणारी पांदण काळ्या मातीची आहे, आणि माहेर माजलगावकडे असल्यामुळे धारूरचा घाट वर्षातून अनेकदा उतरावा व चढावा लागतो. बहुतेक वेळा गाडीत मी एकटी किंवा फार तर दोघे असतो. अशा गाडीत हात आणि पाय नेमके कुठे बदलावे लागतात, तसेच मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कोणती तयारी करून ठेवावी, याबद्दल अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

गोदाकाठ, परभणी :

ताई, कोरड्या डांबरी रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालवताना तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण फरक कळतो तो ओल्या वळणावर. टायरची पकड मर्यादित असते आणि गाडी वळवणे व गाडी ढकलणे ही दोन्ही कामे तिच्यातूनच भागवावी लागतात. स्विफ्टमध्ये ही दोन्ही कामे पुढची चाके करतात, म्हणून वळणावर वेग जास्त झाला तर गाडीचे नाक बाहेर जाते आणि ॲक्सिलरेटर कमी करताच ती बहुधा सावरते. बोलेरोमध्ये पुढची चाके वळवतात व मागची ढकलतात, त्यामुळे ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर गाडीची मागची बाजू बाहेर निसटते. अशा वेळी घाबरून पाय एकदम उचलला किंवा ब्रेक दाबला, तर गाडीचे वजन झटकन पुढे सरकते, मागचा भाग आणखी हलका होतो आणि घसरण वाढते. स्विफ्टमुळे अंगवळणी पडलेली हीच सवय तुम्हाला आधी बदलावी लागेल.

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. वळणात ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा आणि चाके सरळ होऊ लागली की हळूहळू वाढवावा. तरीही मागची बाजू निसटलीच, तर ती ज्या दिशेला जात आहे त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवावे, नजर आपल्याला जायचे आहे त्या रस्त्यावर ठेवावी, पाय सावकाश सैल करावा आणि गाडी सावरू लागताच स्टिअरिंग परत सरळ करावे. हे शेवटचे काम लोक विसरतात. स्टिअरिंग वेळेत सरळ केले नाही तर गाडी उलट बाजूला झोल खाते, आणि हा दुसरा झोल पहिल्यापेक्षा जोरदार असतो.

वाचून हे हाताला येत नाही. पाऊस पडून गेल्यावर एखादे मोकळे, सपाट मैदान पाहून, जागामालकाची परवानगी घेऊन, ताशी 15–20 किलोमीटरच्या वेगात गोल फेऱ्या मारून पाहाव्यात. आजूबाजूला माणसे, जनावरे, खांब किंवा विहीर नसावी.

तुम्ही बहुतेक एकट्या असता, हे सांगितलेत ते फार महत्त्वाचे आहे. रिकाम्या बोलेरोचा मागचा भाग हलका असतो आणि पाटे (मागच्या स्प्रिंगा) मात्र भार पेलण्यासाठी कडक ठेवलेले असतात, त्यामुळे खड्ड्यावर मागची चाके उसळतात व क्षणभर पकड सोडतात. याच गाडीत माणसे किंवा माल भरला की ती चढावर अधिक ठामपणे चालते, कारण भार आणि चढ या दोन्हींमुळे वजन ढकलणाऱ्या चाकांवर येते. ट्रक आणि एसटी मागच्या चाकांवर चालतात त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. पावसाळ्यात एकटीने पांदणीत जायचे असेल तर 40–50 किलोंची दोन पोती मागच्या ॲक्सलच्या (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) वर, तळाला घट्ट बांधून ठेवावीत. टपावर वजन कधीही ठेवू नये.

मांजराकाठ, लातूर :

एवढा विचार करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चारही टायर खोल खाचांचे बसवावेत, पांदणीचा प्रश्न मिटतो.

गोदाकाठ, परभणी :

मुरमाड रस्त्यावर तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण आपली काळी माती वेगळी आहे. ती ओली झाली की चिकट होऊन खाचांत भरते, आणि काही अंतरातच खोल खाचांचा टायरही गुळगुळीत टायरसारखा वागू लागतो. शिवाय अशा टायरची ओल्या डांबरावरची पकड बहुधा साध्या टायरपेक्षा कमी असते आणि ताईंचा बराचसा प्रवास डांबरावरच आहे. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागे लावावेत. हा नियम पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाही लागू आहे, परंतु इथे तो अजिबात मोडू नये.

पांदणीत गाडी अडकली तर चाक गरगर फिरवत बसू नये, त्याने ती फक्त खोल जाते. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत प्रयत्न करावा. एकच मागचे चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हलकाच ॲक्सिलरेटर द्यावा. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असल्यामुळे फिरणाऱ्या चाकाला अटकाव होतो आणि थोडी ताकद थांबलेल्या चाकाकडे जाते. गाडी निघताच हँडब्रेक पूर्ण सोडावा.

गॅरेजवाला, जालना :

वरचे सल्ले योग्य आहेत. मी उभ्या गाडीबद्दल लिहितो, कारण त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि त्यातून माणूस जायबंदी होऊ शकतो.

स्विफ्ट उतारावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये उभी केली की हँडब्रेक मागची आणि गिअर पुढची चाके धरतो, म्हणजे चारही चाके अडलेली असतात. बोलेरोमध्ये हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागचीच चाके धरतात व पुढची मोकळी राहतात. उताराच्या ओल्या मातीवर गाडी उभी करायची असेल तर चाकाला दगड लावल्याशिवाय खाली उतरू नये.

मागचे चाक पंक्चर झाल्यावर तर अधिक जपावे. जॅक लावून एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीमुळे) ते मोकळे फिरू शकते, म्हणून गिअरचा आधार उरत नाही, आणि जमिनीवरच्या एकट्या मागच्या चाकाचा हँडब्रेक तेवढा गाडी धरून असतो. म्हणून जॅक फिरवण्याआधी दोन्ही पुढच्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नये.

गाडी जुनी असल्याने शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि डिफरन्शियलचे ऑइल आधी तपासून घ्या. पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना खालून 'टक' आवाज येत असेल तर क्रॉस झिजलेला असण्याची शक्यता असते.

अंबाजोगाईकर :

सर्वांचे मनापासून आभार. जॅकबद्दलची माहिती मला आजवर कुणीही दिली नव्हती. एक शंका राहिली आहे. धारूरचा घाट पावसात उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखावी, असे मी नेहमी करते. या गाडीतही तेच चालेल का?

गोदाकाठ, परभणी :

चालेल, किंबहुना केलेच पाहिजे, नाहीतर ब्रेक तापतात. मात्र इंजिनाची रोख आता फक्त मागच्या चाकांवर पडते, आणि उतारावर तीच चाके हलकी झालेली असतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच झटक्याने सोडला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके क्षणभर अडून घसरू शकतात. त्यामुळे योग्य गिअर घाटाच्या तोंडाशीच, गाडी सरळ असताना टाकावा, क्लच सावकाश सोडावा आणि वळणाच्या मध्यात गिअर बदलणे टाळावे. 2016 च्या बोलेरोत घसरण आपोआप सावरणारी ईएसपी यंत्रणा नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडू न देणारी यंत्रणा) आहे की नाही, हे किल्ली फिरवल्यावर मीटरवर त्याचा दिवा क्षणभर लागतो का यावरून पाहून घ्यावे. तो लागत नसेल तर ओल्या उतारावर ब्रेक एकदम न दाबता हलका-हलका दाबत यावे. ऊस वाहतुकीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांची माती डांबरावर पसरलेली असते. रात्रीच्या दवाने ती ओली होऊन पाऊस नसतानाही घसरण होते, तेव्हा हीच काळजी डिसेंबरातल्या पहाटेही घ्यावी.