मदत हवी आहे: मुलांनी केलेला मासा रोज सुटतोय, कोणता गोंद वापरू?

खडूचा_तुकडा: नमस्कार. प्रदर्शन तोंडावर आलंय आणि टाकाऊ वस्तूंचा मासा रोज सकाळी येऊन बघावा तर अर्धा जमिनीवर. फेविकॉल लावून बघितलं, दाबून ठेवून बघितलं, एकतर सुकत नाही नाहीतर सुकून पापुद्र्यासारखं सोलून निघतं. व्हरांड्यात टांगायचाय. गोंदाचं नाव सांगा, लवकर. यूट्यूबच्या लिंका नकोत.

मांडवीकाठ: मासा कशाचा? पुठ्ठा, बाटल्या, करवंट्या? केवढा? मुलं कितवीची?

खडूचा_तुकडा: बाटल्यांचाच, दुसरा कशाचा असणार. वर चिप्सच्या पाकिटांचे खवले. बाकापेक्षा लांब आहे. इसवण, म्हणजे सुरमई.

पागी_९: इसवणाला असले खवले नसतातच हो. कातडी गुळगुळीत, खवले बारीक, दिसत पण नाहीत. चोणक म्हणा, खपून जाईल.

खडूचा_तुकडा: बरं, चोणक. गोंद?

डोंगुर्ली: हॉट ग्लू गन. बाकी सगळं सोडा.

मांडवीकाठ: पाण्याच्या पातळ बाटलीला हॉट ग्लू लावून बघितलाय का तुम्ही? बाटली तिथल्या तिथे आकसते. आणि मुलांच्या हातात ती गन?

डोंगुर्ली: आमच्या कॉलनीच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा मुकुट दरवर्षी त्यावरच उभा असतो.

मांडवीकाठ: पहाटेपर्यंतच ना, मग जाळताच! आणि नरकासुराचंच काढलंत तर आठवा, सांगाडा आधी उभा राहतो, त्यावर गवत बांधतात, कागद सगळ्यात शेवटी. गवताला गवत चिकटवत कोण बसतो? (सर की बाई माहीत नाही, पण) तुमच्या माशाला आत सांगाडा आहे का?

खडूचा_तुकडा: बाईच. सांगाडा नाही, बाटलीला बाटली लावलीय.

मांडवीकाठ: मग कुठलाही गोंद आणा, पडणारच. फेविकॉल सुकतो तो त्यातलं पाणी कागदात, लाकडात मुरतं आणि हवेत उडतं म्हणून. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्यात आपल्याकडची दमट हवा. बांबूच्या कांब्या वाकवून माशाचा आकार बांधा, सुतळीने. मग नुसती बुचं घ्या, दाभणाने मधोमध भोक पाडा, तार आतून ओवून बूच कांबीला घट्ट आवळा, आणि बाटली त्या बुचात फिरवून बसवा. एखादी चेपली तर काढून दुसरी लावता येते, मुलांना तर हेच जास्त आवडतं. खवल्यांची पाकिटं कौलांसारखी एकावर एक येऊ देत, फक्त वरच्या कडेला टाका घाला. खालची कड मोकळी सोडा, वाऱ्यावर हलेल.

फोंडा_फास्ट: सहमत. घानात जन्मलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं ठोकून चपटी करतात आणि तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पडदे करतात. गोंद नाही. गोव्यात टोपणांना काय तोटा, कुठल्याही बारमागे पोतं भरेल.

आई_१२३: शाळेत दारूची टोपणं?? उद्या पालक सभेत कोण उत्तर देणार?

फोंडा_फास्ट: टोपणाने कोणाला चढत नाही ताई.

आई_१२३: प्रश्न चढण्याचा नाही, घरी येऊन पोर विचारतं "बाबा तुमची टोपणं ठेवा हां", ते कसं दिसतं?

रॉकगार्डन_फॅन: चंदीगडचे नेकचंद बघा. रस्ते खात्यातली नोकरी सांभाळून 1957 पासून गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबशा, सॉकेट गोळा करून मूर्ती घडवल्या, 1976 मध्ये त्या मूर्तींची बाग, रॉक गार्डन, लोकांना खुली झाली. ओल्या सिमेंटमध्ये तुकडे रोवले की हलत नाहीत.

पागी_९: सिमेंटचा चोणक टांगणार? वासा येईल खाली.

हिरवा_परसू: ओल्या कचऱ्याचं खत करा, मुलांना खरं शिक्षण त्यात आहे. नारळाच्या सोडणांचा थर खाली द्यायचा.

खडूचा_तुकडा: खत विचारलं नव्हतं. मांडवीकाठ, दाभण मुलांनी धरायचं की मी?

मांडवीकाठ: सातवी-आठवी असेल तर बूच फळीवर ठेवून त्यांनीच, तुम्ही शेजारी उभ्या राहून. खालची इयत्ता असेल तर भोकं तुम्ही पाडा. कितवी ते अजून सांगितलंच नाहीत! आणि बुचं तापवलेल्या सळईने भोसकू नका, धूर वाईट.

खडूचा_तुकडा: सहावी. आणि जाळ्याची नायलॉन दोरी चालेल? एका मुलाचे बाबा इथे गोव्यातल्या बेतुलला ट्रॉलरवर आहेत, तो ढीगभर घेऊन आलाय, वर्गात कोणाला बसवत नाही इतका वास.

पागी_९: गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी दोनदा बदला, मग कडक उन्हात. गाठ एकेरी मारलीत तर नायलॉन सरकतं, दुहेरी मारा आणि टोक मेणबत्तीवर तुम्ही स्वतः वितळवा. त्यात अडकलेले शिंपले फेकू नका, डोळ्याला बसतील.

डोंगुर्ली: शिंपले हॉट ग्लूने छान बसतात.